एका तारखेचे प्रश्न : २५ जून

वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर रोज सकाळी दिनविशेष लिहिणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात आवडतं काम. निवृत्तीनंतर या सदरामुळे ते चालू राहिलं. या वेळी एकाच तारखेवर प्रश्न मागवले होते, २५ जूनवर. आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत.

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत परिपाठाला दिनविशेष सांगायचा असतो. मोबाइलवर शोधलं की २५ जूनला चाळीस-पन्नास घटना येतात. फळ्यावर जागा तीन ओळींची. काय घेऊ?
(शिक्षिका, अंबाजोगाई तालुका)

उत्तर : बाई, ओळ लिहिल्यावर एखाद्या मुलाने "मग काय झालं?" असं विचारलं, तर पाच मिनिटं बोलता येईल अशीच घटना निवडा. बाकीच्या सोडून द्या. मी या तीन घेईन. १९३२ : भारताचा पहिला कसोटी सामना लॉर्ड्सवर सुरू झाला. १९७५ : देशात आणीबाणी पुकारली गेली. १९८३ : भारताने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. यातल्या शेवटच्या दोन घटना पाहिलेली माणसं मुलांच्या घरात आहेत. त्या दिवशी गृहपाठ एवढाच द्या, की आजी-आजोबांना विचारून या. शाळा उघडून जेमतेम आठवडा-दहा दिवस झालेले असतात, मुलंही ताजी असतात.

चौथी ओळ बसलीच तर २०२५ ची घ्या. शुभांशु शुक्ला फ्लोरिडातल्या केनेडी अवकाश केंद्रावरून निघाले तेव्हा आपल्याकडे दुपारचे बारा वाजून एक मिनिट झालं होतं. राकेश शर्मांच्या १९८४ च्या उड्डाणानंतर ४१ वर्षांनी. दुसऱ्या दिवशी ते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात पोचले आणि तिथे पाऊल ठेवणारे पहिले भारतीय ठरले.

तुमच्या यादीत १८७६ ची अमेरिकेतली लिटल बिगहॉर्नची लढाई असणार. ती घ्यायची असेल तर अमेरिकी सेनाधिकारी कस्टरच्या मरणाची बातमी म्हणून घेऊ नका. ती लढाई लाकोटा आणि शायेन या तिथल्या मूळ रहिवाशांनी आपल्या भूमीसाठी लढून जिंकली. ओळ त्यांच्या नावाने लिहा.

प्रश्न : भारताची पहिली कसोटी आणि पहिला विश्वचषक, दोन्ही लॉर्ड्सवर आणि दोन्ही २५ जूनला, हे खरं का? आणि हा नुसता योगायोगच म्हणायचा का?
(निवृत्त बँक कर्मचारी, नागपूर)

उत्तर : खरं आहे. दोघांमध्ये बरोबर ५१ वर्षांचं अंतर, आणि दोन्ही दिवशी शनिवार होता. हा शनिवार नीट पाहिला की योगायोगाचा निम्मा उलगडा होतो.

इंग्लंडमध्ये जूनच्या उत्तरार्धात दिवस सर्वांत मोठे असतात. त्या काळी एकदिवसीय सामना साठ षटकांचा असे. दोन्ही डाव मिळून १२० षटकं एका दिवसात उरकायची, तर उजेड पुरायला हवा आणि प्रेक्षकांना सुट्टी हवी. म्हणून पहिले तिन्ही अंतिम सामने लॉर्ड्सवर, तिन्ही जूनमध्ये आणि तिन्ही शनिवारी झाले : १९७५ ला २१ तारखेला, १९७९ ला २३ तारखेला, १९८३ ला २५ तारखेला. १९३२ ची कसोटी तीन दिवसांची होती. शनिवारी सुरू झाली, रविवारी सुट्टी, मग सोमवार-मंगळवार. म्हणजे २५, २७ आणि २८ जून. जूनअखेरचा शनिवार आणि लॉर्ड्स हे इंग्लंडचं ठरलेलं गणित होतं. त्या गणितात आपला संघ दोनदा येऊन बसला, तेवढा योगायोग.

१९३२ च्या त्या पहिल्या सकाळबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचं आहे, कारण आपल्याकडे १९८३ तोंडपाठ असतं आणि १९३२ ची एका ओळीत बोळवण होते.

इंग्लंडने फलंदाजी घेतली. सलामीला हर्बर्ट सटक्लिफ आणि पर्सी होम्स. याच जोडीने दहाच दिवसांपूर्वी लेटनला एसेक्सविरुद्ध यॉर्कशायरसाठी ५५५ धावांची सलामी दिली होती. त्यांच्यासमोर चेंडू होता मोहम्मद निसारच्या हातात. सटक्लिफचा त्रिफळा, धावफलक ८. होम्सचा त्रिफळा, धावफलक ११. मग फ्रँक वूली धावबाद, लाल सिंगच्या फेकीवर. ३ बाद १९! ज्या देशाला कसोटीचा दर्जा मिळाल्याला अजून तासही झाला नव्हता, त्याने इंग्लंडची ही अवस्था केली होती. पुढे डग्लस जार्डिनने ७९ आणि लेस एम्सने ६५ धावा करून डाव सावरला. तरी इंग्लंडला २५९ च्या पुढे जाता आलं नाही आणि निसारने ९३ धावांत ५ बळी घेतले.

मग आपला डाव. भारताच्या वतीने कसोटीतला पहिला चेंडू खेळला तो पुण्याजवळच्या फुलगावच्या जनार्दन नवल्यांनी. यष्टिरक्षणही तेच करत होते, म्हणजे आधी अख्खा डाव यष्टींमागे बसून काढायचा आणि लगेच पॅड बांधून सलामीला जायचं. धावा १२ आणि १३. आकडा लहान दिसतो, पण भारताच्या कसोटी फलंदाजीचा पहिला चेंडू ज्यांनी खेळला त्यांचं नाव महाराष्ट्रातल्या मुलांना ठाऊक असायलाच हवं. कर्णधार होते सी. के. नायडू, तुमच्याच नागपुरात जन्मलेले. पहिल्या डावात सर्वाधिक ४० धावा त्यांच्या. दुसऱ्या डावात अमर सिंगने ५१ केल्या, कसोटीतलं भारताचं हे पहिलं अर्धशतक. सामना आपण १५८ धावांनी हरलो.

१९८३ चं थोडक्यात. भारत सर्वबाद १८३. सर्वाधिक ३८ श्रीकांतच्या, आपल्या संदीप पाटीलच्या २७. गावसकर २ वर गेले, वेंगसरकर आधीच्या सामन्यात मार्शलचा चेंडू तोंडावर बसल्याने बाहेर होते. किरमाणी आणि मुंबईचा बलविंदर सिंग संधू यांनी शेवटच्या जोडीने २२ धावा जोडल्या. त्यात मार्शलचा एक उसळता चेंडू संधूच्या हेल्मेटवर आदळला. थोड्या वेळाने याच संधूने गॉर्डन ग्रीनिजला असा चेंडू टाकला की त्याने तो बाहेर जाईल म्हणून बॅट वर उचलून सोडला, आणि चेंडूने आत वळून यष्टी उडवली. रिचर्ड्स २८ चेंडूंत ३३ वर असताना मदनलालच्या चेंडूवर उंच फटका गेला आणि कपिलदेवने मागे धावत जाऊन तो झेलला. वेस्ट इंडिज १४०, भारत ४३ धावांनी विजयी. शेवटचा बळी मोहिंदर अमरनाथचा, होल्डिंग पायचीत. आपल्याकडे तोवर रात्र बरीच झाली होती. आमच्या गल्लीत ट्रान्झिस्टर खिडकीत ठेवला होता, आणि पावसाची भुरभुर चालू असूनही माणसं छत्री न घेता खाली उभी होती.

तुम्ही नागपूरचे, म्हणून हेही सांगते. त्या वेळी क्रिकेट नियामक मंडळाचे अध्यक्ष होते नागपूरचे एन. के. पी. साळवे. १९८७ चा विश्वचषक इंग्लंडबाहेर पडून भारत-पाकिस्तानात आला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. पहिल्या कसोटीचा कर्णधार नागपूरचा आणि पहिल्या विश्वचषकाच्या वेळचा अध्यक्षही नागपूरचा. हे नागपूरकरांनी अभिमानाने सांगावं.

प्रश्न : आणीबाणी २५ जूनला लागली की २६ जूनला? आमच्या दोन पुस्तकांत दोन तारखा आहेत. परीक्षेत काय लिहू?
(विधी शाखेची विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : परीक्षेत २५ जून १९७५ लिही, कारण राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी सही केलेल्या उद्घोषणेवर तीच तारीख आहे. पण तू कायदा शिकते आहेस, तेव्हा तारखेपेक्षा तास बघ. सगळं त्यात आहे.

१२ जूनला अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची लोकसभेवरची निवड रद्द ठरवली. २४ जूनला सर्वोच्च न्यायालयाच्या सुट्टीतल्या न्यायपीठावर असलेल्या न्या. कृष्ण अय्यर यांनी सशर्त स्थगिती दिली : पंतप्रधानपदी राहता येईल, लोकसभेत मतदान करता येणार नाही. २५ तारखेच्या संध्याकाळी दिल्लीच्या रामलीला मैदानावर जयप्रकाश नारायण यांची प्रचंड सभा झाली. त्याच रात्री, मध्यरात्रीच्या थोडं आधी, राष्ट्रपतींची सही झाली. घटनेचं कलम ३५२, कारण "अंतर्गत अशांतता".

आता हे लक्षात घे. मंत्रिमंडळाची बैठक झाली २६ तारखेला पहाटे सहा वाजता. म्हणजे सही आधी, मंत्रिमंडळ नंतर. जयप्रकाशांना गांधी पीस फाउंडेशनमधून उचललं तेही उजाडण्याआधी. दिल्लीत बहादूरशाह जफर मार्गावर वृत्तपत्रांचे छापखाने होते, तिथली वीज रात्रीच तोडली होती. सकाळी इंदिराजी आकाशवाणीवर बोलल्या आणि देशाला कळलं. ज्यांनी रेडिओ ऐकला त्यांच्यासाठी आणीबाणी २६ ला लागली, म्हणून तुझ्या दुसऱ्या पुस्तकात २६ आहे. त्याच सकाळी बंगळुरूत, संसदीय समितीच्या कामासाठी गेलेले वाजपेयी, अडवाणी आणि आपले राजापूरचे खासदार मधु दंडवते पकडले गेले.

२५ आणि २६ च्या मधल्या या काही तासांनी पुढे घटना बदलली. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने "अंतर्गत अशांतता" हे शब्द काढून तिथे "सशस्त्र उठाव" घातले, आणि मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपतींनी उद्घोषणा काढू नये अशी अट घातली. ती अट २५ जूनच्या त्या रात्रीला दिलेलं उत्तर आहे. तू उत्तरपत्रिकेत तारीख लिहिल्यावर हे एक वाक्य लिहिलंस, तर तपासणाऱ्याला कळेल की तुला विषय समजला आहे.

महाराष्ट्रातलं म्हणून एक जोडते. त्याच वर्षी डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्ष होत्या आणि स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, म्हणजे केंद्रातले मंत्री. त्यांच्या उपस्थितीत दुर्गाबाईंनी आजारी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी सभेला प्रार्थना करायला लावली. पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. मला हे नुसतं आठवलं तरी आजही ऊर भरून येतो.

प्रश्न : कोरियन युद्ध २५ जून १९५० ला सुरू झालं असं पुस्तकात आहे, पण एका अमेरिकी लेखात बातमी २४ तारखेला पोचली असं वाचलं. बातमी घटनेच्या आधी कशी पोचेल?
(दहावीचा विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : छान पकडलंस. उत्तर कोरियाचं सैन्य ३८ अक्षांश ओलांडून दक्षिणेत घुसलं ते रविवारी २५ तारखेला, तिथल्या पहाटे. त्या वेळी अमेरिकेत अजून शनिवारची दुपार होती, तारीख २४. अध्यक्ष ट्रूमन मिसुरीत आपल्या घरी होते, त्यांना शनिवारी रात्री फोन गेला. तारीख नेहमी घटना घडली तिथली धरायची. भारताने या युद्धात फौज पाठवली नाही, वैद्यकीय पथक पाठवलं : लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज यांचं ६० वं पॅराशूट फील्ड अॅम्ब्युलन्स. आणि युद्ध थांबल्यावर कैद्यांचा गुंता सोडवणाऱ्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष होते आपले जनरल थिमय्या.

प्रश्न : माझा वाढदिवस २५ जून. या दिवशी जन्मलेलं कोणी नामवंत आहे का?
(गृहिणी, बेळगाव)

उत्तर : ताई, सोबत चांगली आहे तुम्हाला. बार्सिलोनाचा वास्तुशिल्पी अंतोनी गावदी (१८५२). बिहारमधल्या मोतिहारीत, अफू खात्यातल्या इंग्रज नोकरदाराच्या घरी जन्मलेला जॉर्ज ऑर्वेल (१९०३). देशातल्या पहिल्या महिला मुख्यमंत्री सुचेता कृपलानी (१९०८). संगीतकार मदनमोहन (१९२४), जन्म थेट बगदादचा. विश्वनाथ प्रताप सिंग (१९३१).

अशी नावं ओळीने वाचून आपण पुढे जातो. मी फळा लिहायचे तेव्हा एक करून बघायचे, तुम्हीही बघा. यांतलं कोण कोणत्या २५ जूनला काय करत होतं? १९७५ ची घ्या. सुचेताताई आदल्याच डिसेंबरात गेल्या होत्या. त्यांचे पती आचार्य कृपलानी आणीबाणीच्या विरोधात उभे राहिले. विश्वनाथ प्रताप सिंगांना त्या दिवशी ४४ पूर्ण झाली, आणि ते इंदिराजींच्याच सरकारात उपमंत्री होते. चौदा वर्षांनी हेच गृहस्थ काँग्रेसला हरवून पंतप्रधान होणार होते. मुंबईत मदनमोहनना ५१ पूर्ण झाली. तो त्यांचा शेवटचा वाढदिवस. १४ जुलैला ते गेले. देश आणीबाणीच्या पहिल्या आठवड्यांत होता, त्या काळातली ही मृत्युवार्ता.

विश्वनाथ प्रताप सिंगांच्या वाट्यालाही तसंच आलं. ते गेले २७ नोव्हेंबर २००८ ला, मुंबईवरचा हल्ला चालू असताना. माजी पंतप्रधानांच्या निधनाची बातमी कोपऱ्यात गेली. आणखी एक : त्यांच्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, २६ जूनला, राजर्षी शाहू महाराजांची जयंती. १९०२ साली कोल्हापूर संस्थानात निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवणारे महाराज, आणि १९९० साली मंडल आयोगाची अंमलबजावणी जाहीर करणारे पंतप्रधान. कॅलेंडरमध्ये दोघं शेजारी आहेत.

प्रश्न : दरवेळी क्रिकेटच का? २५ जूनला फुटबॉलमध्ये काहीच झालं नाही का?
(पेठेतला एक फुटबॉलप्रेमी, कोल्हापूर)

उत्तर : कोल्हापूरचा प्रश्न असल्यावर उत्तर द्यायलाच हवं. २५ जून १९७८, रविवार, ब्युनोस आयर्सचं मोन्युमेंटल मैदान. अर्जेंटिनाने नेदरलँड्सला जादा वेळेत ३-१ ने हरवून पहिल्यांदा विश्वचषक जिंकला. मारियो केम्पेसचा पहिला गोल ३८ व्या मिनिटाला. ८२ व्या मिनिटाला नानिंगाने डोक्याने बरोबरी साधली. निर्धारित वेळेच्या अगदी शेवटी रेन्सेनब्रिंकचा फटका खांबाला लागून परत आला, चार बोटं आत असता तर चषक डचांचा होता. जादा वेळेत केम्पेसने दुसरा आणि बेर्तोनीने तिसरा गोल केला. कर्णधार पासारेल्लाच्या हातात चषक दिला तो लष्करशहा होर्खे विदेलाने.

मैदानापासून जवळच नौदलाची एक प्रशिक्षण शाळा होती. तिथे सरकारविरोधी माणसं पकडून आणून त्यांचा छळ केला जाई, आणि बरीच जण पुन्हा कधी दिसली नाहीत. मैदानातला गोलाचा जल्लोष आतल्या कैद्यांना ऐकू येत होता, हे तिथून जिवंत सुटलेल्यांनी नंतर सांगितलं. आज तिथे स्मृतिसंग्रहालय आहे आणि २०२३ पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. केम्पेसचा खेळ अस्सल होता, त्यात त्या मुलांचा काही दोष नाही. पण या तारखेला मी फळ्यावर १९७८ लिहिलं की चषकाबरोबर ती शाळाही लिहायचे.

प्रश्न : आजीच्या आधार कार्डावर जन्मतारीख १ जून आहे. आमच्या गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांची तीच आहे! आजी म्हणते, "माझ्या जन्माला पालख्या वाखरीत होत्या." मला तिचा खरा वाढदिवस करायचा आहे. तारीख निघेल का?
(नातू, पंढरपूर तालुका)

उत्तर : निघेल. १ जूनचं कारण सोपं आहे. शाळेत नाव घालताना जन्माची नोंद नसली की गुरुजी शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने वय बसवून १ जून टाकत. महाराष्ट्रात तो सगळ्यात गर्दीचा वाढदिवस आहे तो यामुळे.

तुझ्या आजीने मात्र कार्डापेक्षा नेमकी खूण दिली आहे. पालख्यांचा शेवटचा मोठा मुक्काम वाखरीला असतो आणि दशमीला त्या पंढरपुरात शिरतात. म्हणजे तिचा जन्म आषाढ शुद्ध नवमीचा, फार तर दशमीचा. हे तिलाच विचार : पालख्या आल्या होत्या की निघाल्या होत्या? तिच्या घरच्यांपैकी कोणी दिंडीबरोबर होतं का?

आता राहिलं वर्ष. त्यासाठी वय विचारू नकोस, घटना विचार. गांधीजी गेले तेव्हा (जानेवारी १९४८) ती कडेवर होती की चालत होती? पानशेत फुटलं (१२ जुलै १९६१) तेव्हा लग्न झालं होतं का? कोयनेचा भूकंप झाला (११ डिसेंबर १९६७) तेव्हा पदरात किती मुलं होती? थोरली-धाकटी भावंडं किती वर्षांच्या अंतराने, हेही लिहून घे. यातून एक-दोन वर्षांच्या आत येता येतं.

वर्ष ठरलं की जुनी जंत्री काढायची. आषाढी कधी जूनच्या अखेरीला येते, कधी जुलैच्या शेवटी, त्यामुळे अंदाजाने तारीख टाकू नकोस. त्या वर्षी अधिक आषाढ असेल तर वारी निज आषाढात जाते, तेही बघावं लागेल. आजीची उत्तरं मासिकाच्या पत्त्यावर पाठव, शक्यतो तिच्याच शब्दांत. जंत्र्या माझ्याकडे आहेत, तारीख मी काढून देते. आणि दर वर्षी वाढदिवस मात्र तिथीनेच करा, पालख्या वाखरीत असतील त्या दिवशी. आजी तो तसाच मोजत आली आहे.